अमेरिकन गाण्यांचा समूहगान कार्यक्रम, ४ जुलै, नाशिक: पट्टी, हार्मनी, परवाने याबद्दल सल्ला हवा

गंगापूररोड_कोरस

नमस्कार मंडळी. आमचा हौशी समूहगान गट आहे, सत्तावीस जणांचा. सतरा बायका, दहा पुरुष, वयं तीस ते सत्तर. आजवर सगळं एकसुरात गायलो आहोत: मराठी स्फूर्तिगीतं, सावरकर, कुसुमाग्रज, थोडं हिंदी. ४ जुलै २०२६ ला अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला २५० वर्षं होतायत आणि तो शनिवार आहे, म्हणून त्या संध्याकाळी तिथली देशभक्तिपर आणि लोकप्रिय गाणी करायचं ठरलंय. हातात पंधरा आठवडे. दर रविवारी दोन तास आणि बुधवारी एक तास तालीम होईल. कीबोर्ड, हार्मोनियम, गिटार, तबला-ढोलक वाजवणारे गटातलेच आहेत.

कच्ची यादी: स्टार स्पँगल्ड बॅनर, अमेरिका द ब्यूटिफुल, बॅटल हिम ऑफ द रिपब्लिक, माय कंट्री टिस ऑफ दी, गॉड ब्लेस अमेरिका, धिस लँड इज युअर लँड, अमेझिंग ग्रेस, स्विंग लो, व्हेन द सेंट्स, ओ सुझॅना, टेक मी होम कंट्री रोड्स, ओव्हर द रेनबो, वुई शॅल ओव्हरकम.

प्रश्न असे:
१. पट्टी कोणती धरायची? एका पट्टीत बायका ओरडतात, दुसरीत पुरुष पुटपुटतात.
२. हार्मनी, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळे स्वर गाणं, कधीच केलेली नाही. चार भाग झेपतील का?
३. हक्कांचं काय? तिकीट लावायचं नाही, पण खर्चापुरती देणगी प्रवेशिका ठेवावी असं काहींचं म्हणणं आहे.
४. कालिदास कलामंदिर घ्यावं की कुसुमाग्रज स्मारकातलं सभागृह?

---

काळी_पाच

पट्टीचं आधी, कारण पंधरापैकी चार आठवडे लोक त्यातच घालवतात.

आपल्याकडे गाण्याची पट्टी म्हणजे गाणाऱ्याची पट्टी. बाई पांढरी पाचला (पेटीच्या सप्तकातली पाचवी पांढरी पट्टी) गाते, बुवा काळी एकला (पहिली काळी) गातात, आणि गाणं त्यात बसवलं जातं. समूहगानात उलटं करायचं. गाण्याचा सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा स्वर काढायचा, तो पल्ला सत्तावीस गळ्यांच्या सोयीच्या टापूत सरकवायचा, आणि सा कुठे पडतो ते नंतर बघायचं. हौशी मिश्र गटाचा सोयीचा टापू म्हणजे बायकांसाठी मंद्रातली (खालच्या सप्तकातली) पांढरी सहा ते तारातली (वरच्या सप्तकातली) पांढरी दोन. पुरुष तेच एक सप्तक खाली. मध्य सप्तकाची पांढरी एक म्हणजे कीबोर्डवरचा मिडल सी, हे आधी सगळ्यांचं एकमताने ठरवून घ्या, नाहीतर मंद्र-मध्य यावर वाद होतो.

आता तुमची यादी.

स्टार स्पँगल्ड बॅनर: मध्य सा ते तार प. काळ्या-पांढऱ्या मिळून एकोणीस पट्ट्या, म्हणजे दीड सप्तकाहून जास्त. कोणत्याही पट्टीत कुणीतरी रडणारच. छापील प्रतींत बहुधा सा काळी पाचवर असतो, मग वरचा स्वर तारातल्या पांढरी चारवर जातो आणि हौशी गटात तो किंकाळी होतो. सा मंद्रातल्या काळी चारवर ठेवा. वरचा स्वर तारातल्या काळी दोनवर येईल. तो तरीही उंचच, पण तिथे सगळ्यांनी जायची गरज नाही: पाच-सहा जणी जातील, बाकीच्यांनी कॉर्डमधला (एकत्र वाजणाऱ्या स्वरांतला) खालचा स्वर धरावा. सुरुवातीचे तीन स्वर प-ग-सा असे खाली उतरतात आणि तिसरा स्वर गाण्यातला सर्वांत खालचा. तिथे आवाज विरला तर घाबरून पट्टी वर नेऊ नका, त्या तीन स्वरांना पुरुषांचा आधार द्या.

याच गाण्यात एक सापळा आहे. पहिल्या ओळीच्या शेवटी, 'अर्ली लाइट' या शब्दांवर, ग - तीव्र म - प असं आहे. बिलावलाची, म्हणजे सगळ्या शुद्ध स्वरांची, सवय असलेले गळे तिथे शुद्ध मध्यम लावतात आणि सत्तावीसपैकी नऊ जण शुद्ध, अठरा तीव्र असा कालवा होतो. पहिल्याच दिवशी ते तीन स्वर वेगळे काढून घोका.

अमेरिका द ब्यूटिफुल: रे ते तार ग. सा मंद्रातल्या काळी पाचवर घेतला की मध्य पांढरी एक ते तार पांढरी दोन. सगळ्यांना पुरेल.

बॅटल हिम: ग ते तार ग, नेमकं एक सप्तक. तीच पट्टी. दोन्ही गाणी लागोपाठ ठेवलीत तर मध्ये स्वर द्यायचीही गरज नाही.

माय कंट्री: खालच्या नी पासून ध पर्यंत. सा मध्य पांढरी चार.

अमेझिंग ग्रेस: मंद्र प ते मध्य प. सा पांढरी पाच, बायकांची नेहमीचीच पट्टी. चाल निव्वळ सा रे ग प ध, म्हणजे आपल्या कानाला भूप रागाची सावली. एक कडवं फक्त तंबोऱ्यावर, एकसुरात घ्या, छान लागतं. मात्र तंबोरा चालू असताना हार्मनी घालू नका. मध्यमाची कॉर्ड आली की तंबोऱ्याचा पंचम तिला चावतो.

हार्मोनियम या कार्यक्रमात नको, असं स्पष्ट सांगतो. कारण पुढच्या कुणीतरी सांगितलं तर बरं, माझा हात लिहून दुखला.

---

खर्जातला_माणूस

हार्मोनियमचं कारण सोपं आहे. आपला वादक गाण्याची चाल सलग वाजवतो. तालमीत खालचा भाग शिकणाऱ्या बायकांच्या कानात तीच चाल मोठ्याने येते आणि त्या तिच्यावर घसरतात. कीबोर्डवाल्यालाही सांगा, उजव्या हाताने चाल वाजवायची नाही, फक्त कॉर्ड. चाल गाणाऱ्यांना येतेच.

चार भाग नकोत. दहा पुरुषांचे दोन भाग केले तर वरच्या भागाला चार जण मिळतील, त्यातला एक सर्दीने गळला की उरलेले तिघे एकमेकांकडे बघत गातील. तीन भाग करा: वरच्या बायका नऊ, खालच्या आठ, पुरुष एकत्र दहा. या रचनेच्या प्रती वेगळ्या मिळतात, पुरुषांचा भाग फार खाली किंवा वर जात नाही. वाटणी करताना 'आवाज कोणाचा चांगला' हे बघू नका. खालच्या भागात कानाने पक्क्या बायका हव्यात. सुरेल पण लाजऱ्या बायकांना खाली टाकायची पद्धत असते, आणि तिथेच हार्मनी बुडते.

सरळ कॉर्डवर उडी मारू नका. क्रम असा ठेवा:

आठवडा १ आणि २: स्विंग लो आणि व्हेन द सेंट्स, दोन्ही सा पांढरी चारवर, आधी वेगवेगळी. मग अर्धा गट एक गाणं, अर्धा दुसरं, एकाच वेळी. दोघांच्या कॉर्ड जवळपास सारख्या असल्याने ती एकमेकांत बसतात, आणि कुणालाही 'दुसरा आवाज' शिकावा लागत नाही, प्रत्येक जण आपली चालच गात असतो. शेजारचा वेगळं गातोय तरी आपलं सोडायचं नाही, एवढी एकच गोष्ट यात शिकायची. सेंट्सला समेआधी (तालाच्या पहिल्या मात्रेआधी) तीन स्वर आहेत, त्यांचा प्रवेश हाताने दाखवा.

आठवडा ३ ते ५: अमेरिका द ब्यूटिफुलचा खालचा बायकांचा भाग आणि पुरुषांचा भाग, चाल न गाता. वरच्या बायकांना गप्प बसवा, त्या कुरकुरतील. खालचे दोन भाग स्वतःच्या पायावर उभे राहिले की मगच चाल वर ठेवा. उलट क्रमाने गेलात तर सप्टेंबर उजाडेल.

प्रत्येक भाग वेगळा ध्वनिमुद्रित करून व्हॉट्सॲपवर टाका, पण त्यात फक्त तो भाग आणि हलका ठेका असू द्या. दुसरी प्रत तीनही भागांची, ज्यात आपला भाग मोठा आणि बाकीचे मागे. पहिली पाठांतराला, दुसरी तगून राहायला.

आणि मींड. आपल्या गळ्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं इतकं मुरलंय की ते कळतही नाही. एकट्याला ते शोभतं. तीन भागांत नऊ जणी नऊ वेगांनी घसरल्या की कॉर्ड लागायच्या आधीच गढूळ होते. खडे स्वर मागा. 'आ'काराऐवजी 'दू दू दू' म्हणत गाणं गाऊन घेतलं की प्रत्येक स्वराला टोक येतं, मींड आपोआप गळते. शब्द नंतर.

पट्टी खाली उतरणं होणारच. एकच स्वर पुन्हापुन्हा आला किंवा चाल हळूहळू खाली आली की हौशी गट उतरतो. तालमीत प्रत्येक कडव्याच्या शेवटी कीबोर्डवर सा दाबून बघा आणि कुठल्या शब्दावर घसरलं ते कागदावर खूण करा. बहुतेक वेळा एकाच दोन जागा निघतात.

---

समेवरचा

तालाबद्दल दोन गोष्टी. यातली बरीच गाणी समेआधी उठतात. अमेरिका द ब्यूटिफुलचा पहिला 'ओ' सम नाही, सम 'ब्यूटिफुल'च्या पहिल्या अक्षरावर आहे. अमेझिंग ग्रेसचंही तेच, 'अ' आधी, 'मे' समेवर. आपले लोक पहिला शब्द समेवर ठोकतात आणि मग पूर्ण ओळीचा जोर चुकीच्या अक्षरांवर पडतो. टाळी देऊन, शब्द नुसते बोलत, आठ-दहा वेळा करा.

स्टार स्पँगल्ड तीन मात्रांत आहे. तबलजींनी दादरा लावला तर खालीची मात्रा नको तिथे येते आणि गाणं डोलायला लागतं. तिथे तबला नकोच. बॅटल हिमची चाल लंगडत चालते, लांब-आखूड लांब-आखूड. केरवा घातला की ती सपाट होते. ढोलकऐवजी नुसता साइड ड्रम, नसेल तर ढोलकाच्या चाटीवर काठी, तीही कडव्यात नको, पालुपदात. स्विंग लो आणि सेंट्सला टाळ्या पुरेत. टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, पहिल्यावर नाही. आधी हे हास्यास्पद वाटेल. प्रेक्षक मात्र पहिल्यावरच वाजवतील, त्यांना वाजवू द्या, तुम्ही हलू नका.

गटात तबलजी आहेत म्हणून त्यांना प्रत्येक गाण्यात बसवायलाच हवं असं नाही. नाराज होतील, त्यांना निवेदनाच्या मधल्या तुकड्यांत गिटारबरोबर घ्या. शिवाय जुलैत दमट हवेने तबल्याची पुडी उतरते, हातोडी घेऊन रंगमंचावर ठोकत बसणं त्या संध्याकाळी शोभणार नाही.

---

कलम_बावन्न

हक्कांबद्दल. भारतात गीत आणि संगीत यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. त्या हिशेबाने यादी दोन ढिगांत वाटा.

मोकळी: स्टार स्पँगल्ड बॅनर (शब्द १८१४ चे, फ्रान्सिस स्कॉट की यांचे, चाल त्याहून जुनी, इंग्लंडमधल्या जॉन स्टॅफर्ड स्मिथ यांची). अमेरिका द ब्यूटिफुल (कॅथरिन ली बेट्स वारल्या १९२९ मध्ये, चालकर्ते सॅम्युअल वॉर्ड १९०३ मध्ये). बॅटल हिम (ज्युलिया वॉर्ड हाऊ, मृत्यू १९१०). माय कंट्री (सॅम्युअल फ्रान्सिस स्मिथ, १८९५). ओ सुझॅना (स्टीफन फॉस्टर, १८६४). अमेझिंग ग्रेस, स्विंग लो, सेंट्स पारंपरिक धरा.

हक्कातली: गॉड ब्लेस अमेरिका, कारण अर्व्हिंग बर्लिन १९८९ मध्ये वारले. धिस लँडचे वुडी गथ्री १९६७ मध्ये, म्हणजे २०२७ च्या डिसेंबरअखेरपर्यंत हक्कात धरून चाला. ओव्हर द रेनबो आणि कंट्री रोड्स तर बरीच वर्षं. वुई शॅल ओव्हरकमवरचा अमेरिकेतला हक्काचा वाद २०१८ मध्ये मिटला आणि ते तिथे सार्वजनिक झालं. पण तुम्ही त्याचं हिंदी 'हम होंगे कामयाब' जोडणार असाल तर ते शब्द गिरिजाकुमार माथुर यांचे, ते १९९४ पर्यंत होते, हिंदी शब्द हक्कात आहेत.

आता तुमच्या उपयोगाचं. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२(१) मधलं उपकलम एल: हौशी मंडळाने, पैसे न देणाऱ्या प्रेक्षकांसमोर केलेलं सादरीकरण हा हक्कभंग नाही. म्हणजे प्रवेश खरोखर मोफत ठेवलात तर हक्कातली गाणीही गाऊ शकता. 'देणगी प्रवेशिका' ठेवली की प्रेक्षक पैसे देणारा झाला, तिच्यावर 'ऐच्छिक' छापून फरक पडेल यावर विसंबू नका. मग हक्कातल्या गाण्यांसाठी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचा परवाना आधी घ्या, किंवा ती चार-पाच गाणी वगळा. माझ्या मते वगळा. मोकळ्या ढिगात उत्तम कार्यक्रमाचं पुरेसं सामान आहे.

ही सवलत गाण्यापुरती आहे. कराओकेचा ट्रॅक वाजवणं हे ध्वनिमुद्रण वाजवणं झालं, ते यात बसत नाही. यूट्यूबवर चित्रफीत टाकणंही बसत नाही. आणि स्वरलेखनाच्या प्रती: गाणं मोकळं असलं तरी त्याची हार्मनीत केलेली रचना नव्या माणसाची असू शकते. बॅटल हिमची जी रचना सगळीकडे ऐकू येते ती पीटर विल्हॉस्की यांची १९४४ ची, मोकळी नाही. एक प्रत विकत घेऊन सत्तावीस झेरॉक्स काढू नका. कोरल पब्लिक डोमेन लायब्ररी या संकेतस्थळावर मोकळ्या रचना फुकट मिळतात, प्रत्येक पानाखाली वापराची अट लिहिलेली असते, ती वाचा.

सभागृहाची तारीख नोंदवतानाच तिथल्या कार्यालयातून लागणाऱ्या परवान्यांची लेखी यादी मागा. आठ दिवस आधी कळणारा परवाना हा नेहमी दोन आठवड्यांनी मिळणारा असतो.

---

पडद्यामागून

सभागृह. कालिदास मोठं आहे, नाटकाचं आहे. नाट्यगृह बोलण्यासाठी कोरडं ठेवलेलं असतं, आजूबाजूच्या विंगा आणि मागचा पडदा आवाज गिळतात, आणि सत्तावीस हौशी गळे तिथे एकदम बारीक वाटतात. प्रेक्षक दोनशेच्या आसपास येणार असतील तर स्मारकातलं सभागृह. कालिदास घ्यायचंच असेल तर गट शक्य तितका पुढे, मुख्य पडद्याच्या रेषेला आणा आणि मागे कापडाऐवजी प्लायचे फ्लॅट उभे करा, आवाज पुढे परततो.

उभं राहणं: नऊ-नऊच्या तीन रांगा. पहिली जमिनीवर, दुसरी आठ इंची लेव्हलवर (लाकडी चौथऱ्यावर), तिसरी सोळा इंचीवर. लेव्हल तीन फूट खोल घ्या, दोन फुटी घेतली की मागच्या रांगेतल्या आजोबांची टाच हवेत. तिसऱ्या रांगेमागे कठडा. ज्यांना उभं राहवत नाही त्यांना रांगेच्या कडेला उंच स्टूल. मधे खुर्ची ठेवली तर मागच्याचा आवाज तिच्यावरून जातो, पण दिसायला दात पडल्यासारखं दिसतं.

माइक: प्रत्येकाला हातात माइक देऊ नका, आठ जण आठ गायक होतात. माणशी दोन फूट धरला तर रांग अठरा फुटांची. दोन कंडेन्सर माइक पुरतात. पहिल्या रांगेपासून तीन फूट पुढे, पुढच्यांच्या डोक्यांपेक्षा फूटभर वर, तोंड मागच्या रांगेकडे. दोघांतलं अंतर नऊ फूट, म्हणजे माइक गाणाऱ्यापासून जितका लांब त्याच्या तिप्पट. यापेक्षा जवळ आणले तर एकच आवाज दोन्हीत किंचित मागेपुढे पोचतो आणि पोकळ ऐकू येतो. साउंडवाल्याला आधी विचारा, मिक्सरवर ४८ व्होल्ट आहे ना, त्याशिवाय कंडेन्सर मुका. खालचे सूर शंभर हर्ट्झच्या आसपास कापायला सांगा, पावलांचा आणि लेव्हलच्या लाकडाचा धडधडाट जातो. मॉनिटरमध्ये (गाणाऱ्यांकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) फक्त कीबोर्ड, कोरसचे माइक अजिबात नाहीत. शिटी तिथूनच सुरू होते.

साउंडवाला नेहमीचा ऑर्केस्ट्रावाला असेल तर तो एको घालणारच. त्याच्या शेजारी एक माणूस बसवा.

---

शब्दांची_शाळा

उच्चारांवर कुणी लिहिलं नाही म्हणून.

ज्येष्ठांना गाणं देवनागरीत लिहून द्या, हरकत नाही, पण लिहिणारा एकच असावा. 'बॅनर'चा एकाने 'बॅ', दुसऱ्याने 'बे' लिहिला की तसंच गायलं जातं. जोराच्या अक्षराखाली रेघ मारा. मराठीत जोर जवळपास सारखा वाटलेला असतो, इंग्रजीत नाही, आणि त्यांची चाल त्या जोरावरच बेतलेली असते.

आपला व डब्ल्यू आणि व्ही या दोन्ही इंग्रजी व्यंजनांच्या मधला. 'वेव्ह' म्हणताना पहिल्या व ला ओठ गोल, दुसऱ्याला वरचे दात खालच्या ओठाला. ट आणि ड जिभेचं टोक मागे वळवून काढतो, तो दातांमागच्या उंचवट्यावर आणा, लगेच मऊ लागतं. शब्दाच्या शेवटचा र कडक गाऊ नका, आधीचा स्वर लांबवा आणि र नुसता सुचवा.

सगळ्यात मोठी कटकट शेवटच्या स ची. 'स्पेशस स्काइज' सत्तावीस जणांनी म्हटलं की सापांचं वारूळ. उपाय जुना आहे: ओळीच्या शेवटचा स फक्त चार ठरलेल्या जणींनी म्हणायचा, बाकीच्यांनी स्वरावर थांबायचं. बाहेर पूर्ण शब्द ऐकू येतो.

शब्दांच्या अर्थाकडेही बघा. स्टार स्पँगल्डचं फक्त पहिलं कडवं गा, तिथेही तसंच गातात. तिसऱ्यात गुलामांचा उल्लेख आहे. ओ सुझॅना १८४८ चं, मूळ दुसरं कडवं काळ्या लोकांबद्दल अत्यंत ओंगळ आहे. आज गातात ते शब्द बदललेले असतात, तरी माझं मत ते गाणंच काढा. त्याऐवजी फॉस्टर यांचंच हार्ड टाइम्स कम अगेन नो मोअर, १८५४ चं. संथ, तीन भागांना सोपं. स्विंग लो हे गुलामगिरीत राबलेल्या माणसांचं भक्तिगीत आहे, ते हसऱ्या चेहऱ्याने, हात हलवत करमणूक म्हणून गाऊ नये. यादीत त्याच्या जोडीला लिफ्ट एव्हरी व्हॉइस अँड सिंग घ्या. जेम्स वेल्डन जॉन्सन यांचे शब्द १९०० चे, संगीत त्यांचे भाऊ रोझमंड यांचं, ते १९५४ मध्ये वारले, म्हणजे तेही मोकळं. अवघड आहे, फक्त पहिलं कडवं.

मराठी भाषांतर करून गाऊ नका. चालीच्या मात्रांत मराठी क्रियापदं मावत नाहीत, 'आहे' कुठेतरी लोंबकळत राहतो. मराठी निवेदनात येऊ द्या.

---

समेवरचा

भाषांतराबद्दल असहमत. एखादं पालुपद मराठीत केलं तर प्रेक्षक गाऊ लागतील. बॅटल हिमच्या पालुपदात तीन वेळा तेच शब्द आहेत, जागा भरपूर आहे.

---

शब्दांची_शाळा

जागा आहे, पण ते 'ग्लोरी ग्लोरी हालेलूया' आहे. तिथे मराठी काय बसवणार ते लिहून दाखवा, मग बोलू.

---

गंगापूररोड_कोरस

सगळ्यांचे आभार, प्रिंट काढून गटात वाटलंय. ठरलं ते असं: प्रवेश मोफत, देणगीपेटी नाही, खर्च वर्गणीतून. स्मारकातलं सभागृह. तीन भाग. ओ सुझॅना बाद. कंट्री रोड्स गटातल्या तरुणांच्या हट्टाने राहिलं, एकसुरात.

उरलेले प्रश्न: त्यांचं राष्ट्रगीत कार्यक्रमात कुठे ठेवायचं? लोकांनी उभं राहायचं का? आपलं जन गण मन कुठे? आणि माय कंट्रीची चाल ऐकून दोघांनी विचारलं की हे इंग्रजांचं राष्ट्रगीत का गाताय.

---

काळी_पाच

चाल तीच आहे, गॉड सेव्ह द किंगची. शब्द १८३१ चे, स्टार स्पँगल्ड अधिकृत राष्ट्रगीत झालं १९३१ मध्ये, त्याआधी हे अनौपचारिक राष्ट्रगीतासारखं गायलं जाई. सावरकरांचं भगूर आठ-दहा कोसांवरही नाही, इथे ती चाल निवेदनाशिवाय वाजवू नका. निवेदकाने गाण्याच्या आधी सांगावं, नंतर नाही. नंतर सांगितलं तर लोक मधल्या दोन मिनिटांत कुजबुजून घेतात आणि गाणं कुणी ऐकत नाही.

त्यांच्याकडे राष्ट्रगीत सुरुवातीला गातात. तुम्हीही तसं करा, पण गळे तापवून. रंगमंचामागे बारा मिनिटं: पाच मिनिटं ओठ फुरफुरवत खालीवर, चार मिनिटं सा ते प 'दू'वर एकेक पट्टी चढवत, शेवटची तीन त्या गाण्याची वरची ओळ अर्ध्या आवाजात. पूर्ण आवाज मागेच खर्च करू नका. निवेदकाने एकच वाक्य: "आता अमेरिकेचं राष्ट्रगीत, कृपया उभे राहूया." विचारून, सुचवून नको, अर्धे उठतात अर्धे बसतात. जन गण मन शेवटी, सगळ्या सभागृहाने, पूर्ण, सुमारे ५२ सेकंदांत. त्यात हार्मनी घालायचा मोह होईल, घालू नका. झेंडे कुठलेच रंगमंचावर नकोत, त्यांच्या मांडणीचे नियम आहेत आणि आदल्या रात्री ते कुणी वाचत नाही.

---

खर्जातला_माणूस

वेळेचा हिशेब: तीन मिनिटांची बारा गाणी म्हणजे छत्तीस मिनिटं. प्रत्येकी एक मिनिट निवेदन, बारा. रांगा हलणं, स्वर देणं, टाळ्या मिळून पंधरा. त्रेसष्ट झाली. मध्यंतर ठेवू नका, जुलैत मध्यंतराला लोक पाऊस बघून घरी जातात.

निवेदन लिहून, घड्याळ लावून वाचून बघा. एक मिनिट म्हणजे मराठीत साधारण शंभर ते एकशेवीस शब्द. आणि निवेदक बोलत असताना कीबोर्डवाल्याने पुढच्या गाण्याची कॉर्ड हळू धरून ठेवावी. वाक्य संपलं की 'आऽऽ' करत सूर शोधणं वाचतं.

---

गंगापूररोड_कोरस

शेवटचं. कागद हातात घ्यायचे की पाठ करायचं? सत्तरीतले म्हणतात पाठ होणार नाही.

---

शब्दांची_शाळा

काळ्या पुठ्ठ्याची फाइल, ए-फाइव्ह आकार, सगळ्यांची सारखी. डाव्या हातात, छातीच्या उंचीवर, म्हणजे मान खाली जात नाही. देवनागरी अक्षरं १६ पॉइंट. एक गाणं उघडलेल्या दोन पानांत मावलं पाहिजे, गाण्याच्या मध्ये पान उलटायचं नाही. प्लास्टिकचे पाउच वापरू नका, दिव्याखाली चमकतात आणि उलटताना माइकमध्ये भजी तळल्यासारखा आवाज येतो. पहिल्या आणि शेवटच्या ओळी मात्र सगळ्यांना पाठ हव्यात, कारण गट चालवणाऱ्याचा हात बघायचा असतो तो तिथेच.